शोकेसच्या पाठीला रंग

चि. छकुलीस,
अनेक आशीर्वाद.

हॉलमधली ती तपकिरी शोकेस अंधारी वाटते म्हणून रंगवायची म्हणतेस. घर भाड्याचं आहे, शोकेस मालकाची आहे, त्यामुळे सनमायकाला ब्रश लावू नकोस. गुळगुळीत सनमायका नीट घासून प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात, दिल्याशिवाय रंग धरत नाही, नखाने पापुद्रा निघतो. आणि घर सोडताना तो रंग डिपॉझिटमधून वजा होईल.

त्यापेक्षा प्रत्येक कप्प्याच्या पाठीला रंगवलेली फळी सरकव. ३ मिमी एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली शीट, पुरेल. सहा कप्पे साधारण ३ फूट बाय १ फुटाचे असतील, तर ८ बाय ४ च्या एका शीटमध्ये सगळे बसतात, वर नमुन्याला तुकडाही उरतो. शीट दुकानातच कापून घे. अख्खी शीट लिफ्टमध्ये मावणार नाही आणि एमडीएफचा भुसा फार बारीक असतो, घरभर बसतो. कापलेले तुकडे मात्र रिक्षातून येतील.

माप घेताना घाई नको. जुनं फर्निचर क्वचितच काटकोनात असतं. रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोज, उंचीही तशीच. सगळ्यात लहान आकडा धर आणि त्यातून ३ मिमी वजा कर. फळी किंचित सैल असली तरी पुढच्या वस्तू तिला धरून ठेवतात, पण घट्ट बसली तर पावसाळ्यात फुगून मधोमध पोटासारखी पुढे येते.

आधी ऑइल-बेस्ड वूड प्रायमर. पाण्याचा प्रायमर कच्च्या एमडीएफवर लावला की पृष्ठभाग फुलून खरखरीत होतो. कडा रंग पितात, म्हणून त्यांना प्रायमरचे दोन हात दे. रात्रभर वाळू दे, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घास, ओल्या फडक्याने पूस. मग ४ इंची फोम रोलरने वॉटर-बेस्ड एनॅमलचे दोन पातळ हात. मागच्या बाजूलाही प्रायमर आणि एक हात हवाच, कारण एकाच बाजूला रंग असला की फळी वाकते. वाळवताना प्रत्येक फळीखाली बाटलीची चार झाकणं ठेव, वर्तमानपत्र चिकटणार नाही.

एनॅमल १ लिटर घे. हिशेबाने अर्धा लिटर पुरतो, पण रोलर आणि ट्रेही बराच पितात. मशीनवर मिसळलेली शेड दुसऱ्या खेपेला हुबेहूब मिळेलच असं नाही, म्हणून एकदाच घे.

रंग एकच ठेव. पितळेची भांडी मांडणार असशील तर मोरपंखी, चिनी मातीच्या पांढऱ्या बरण्या असतील तर आमसुली. उरलेल्या तुकड्यावर आधी लावून तो कप्प्यात उभा कर आणि रात्री तुमच्याच दिव्यात बघ. पिवळ्या बल्बखाली निळा मळकट दिसतो, पांढऱ्या ट्यूबखाली आमसुली काळपट.

हे काम दिवाळीनंतर काढ. पावसाळ्यात दमट हवेने वाळायला दुप्पट वेळ लागतो. वरून कोरडा वाटला तरी आतून रंग आठवडाभर मऊच असतो. तेवढ्यात पुस्तकं टेकवलीस तर मुखपृष्ठ चिकटून फाटेल. कोपऱ्यात नख दाबून बघ, खूण उठत नसेल तरच मांडामांड कर.

शोकेसची पाठ बाहेरच्या भिंतीला आहे का, तेही बघून ठेव. तिथे ओल असेल तर नवी फळीही बुरशी धरेल.

कप्प्यांची मापं लिहून पाठव, शीट कशी कापायची ते आखून देते.

तुझी,
आई