वसुलीला माणूस नेमताना

महोदय,

रबाळे एमआयडीसीत माझं सुट्या भागांचं छोटं वर्कशॉप आहे. एका गिऱ्हाइकाकडे आठ महिने बिल अडकलं, म्हणून एका वसुली एजन्सीत गेलो. 'दहा हजार आगाऊ भरा, पुढचं आम्ही बघतो,' एवढंच उत्तर. बघणार म्हणजे नक्की काय करणार, हे लेखी द्यायला मात्र तयार नाहीत! तिथूनच परतलो. दमदाटी त्यांनी करायची आणि पोलीस ठाण्याच्या पायऱ्या आपण चढायच्या, हा व्यवहार महागात पडतो. कमिशन वसुलीनंतरच, रक्कम थेट आपल्या खात्यात, आणि करार लेखी. हे कबूल असेल तरच पुढे बोलावं.

खरं तर 'उद्यम' ही केंद्र सरकारची लघुउद्योग नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकांच्या मदतीला २००६ चा एमएसएमई कायदा आहे. करार काहीही असो, ४५ दिवसांपलीकडे उधारी ताणता येत नाही. ताणली तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. अशा थकबाकीचे वाद सोडवण्यासाठी याच कायद्याखाली नेमलेल्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे दाद मागता येते. आमच्या गाळ्यांच्या रांगेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं, मलाही सीएने सांगितलं. दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षं, त्यामुळे माल पाठवल्याची चलनं आणि पोहोच पावत्या जपून ठेवा.

– एक लघुउद्योजक, नवी मुंबई