तीन महिन्यांच्या साखरेमागचं रसायनशास्त्र

मा. संपादक,
स. न.

प्रथिनांमधल्या रासायनिक बदलांवर काम करणाऱ्या प्राध्यापकांच्या सत्काराची बातमी आपल्या अंकात वाचली. हारतुऱ्यांचा तपशील भरपूर, संशोधन मात्र 'क्लिष्ट विषय' म्हणून एका ओळीत उरकलेलं. वाईट वाटलं, कारण हा विषय रोज माझ्या हाताखालून जातो.

मी कोथरूडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेते. सकाळी सातलाच काका-काकूंची रांग लागते. "ताई, दोन दिवस गोडाला हात लावलेला नाही, आज शुगर कमीच येणार बघा." उपाशीपोटीची कमी येतेही. पण जांभळ्या झाकणाच्या नळीतली एचबीएवनसी, म्हणजे 'तीन महिन्यांची साखर' सांगणारी तपासणी, दोन दिवसांच्या पथ्याला बधत नाही. रक्तातलं ग्लुकोज तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिन या प्रथिनाला आपसूक चिकटतं, त्याला एन्झाइमही (रासायनिक क्रिया घडवून आणणारं प्रथिन) लागत नाही. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते आणि चिकटलेली साखर सहसा तिच्याबरोबरच जाते. म्हणून दोन-तीन महिन्यांचा हिशेब कळतो. (नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा पेशी लवकर मरत असतील, तर हा आकडा फसवतो. डॉक्टरांना ते आधी सांगावं.)

बासुंदी आटवताना दुधाला बदामी रंग चढतो, तोही साखर आणि प्रथिनं एकत्र आल्यानेच. गॅसवर झटपट होतं, ते अंगात महिनोन्‌महिने सावकाश चालतं. एका काकूंना हे सांगितलं, तर त्या दंडाला बांधलेला पट्टा विसरून म्हणाल्या, "म्हणजे माझ्या अंगात बासुंदी आटतेय म्हण की!" त्यानंतर त्यांनी औषध चुकवलेलं नाही.

असा बदल ठरवून केला की औषध होतं. डेटेमिर इन्सुलिनला एक स्निग्धाम्ल (फॅटी ॲसिड) जोडलेलं असतं. त्यामुळे ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहतं आणि त्याचा परिणाम लांबतो. हृदयरोग्यांची ॲस्पिरिनची गोळी प्लेटलेटमधल्या एका एन्झाइमला ॲसिटिल नावाचा छोटा रासायनिक गट चिकटवून ते कायमचं बंद पाडते. जिवंत पेशीत बाकी कशालाही धक्का न लावता हवी तिथे रासायनिक जोडणी करण्याच्या तंत्रासाठी रसायनशास्त्रज्ञ कॅरोलिन बर्टोझी यांना 2022 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

पाषाणला एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) 1950 पासून आहे, शेजारी आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था 2006 पासून. विचारायला माणसं हाकेच्या अंतरावर आहेत. पुढच्या वेळी सत्काराचा फोटो लहान करा आणि हे नेमकं घडतं कसं, ते त्यांच्याकडूनच मराठीत लिहून घ्या. अर्धं पान दिलंत, तर ते कात्रण मी आमच्या वेटिंगच्या भिंतीवर लावीन.

— एक लॅब टेक्निशियन, कोथरूड, पुणे