डंपरच्या फेऱ्या मोजता, भेगाही मोजा

महोदय,

खाणी ‘डिजिटल’ झाल्याच्या बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळसा खाणींत मी ३२ वर्षं काढली. २० जमिनीखाली, उरलेली ओपनकास्टला, म्हणजे उघड्या खाणीत. संगणकाला माझा विरोध नाही. तो आधी कशासाठी बसवला जातो, एवढीच तक्रार आहे.

भूमिगत खाणीत पूर्वी छताला लाकडी टेकू असत. छत दबायला लागलं की लाकूड करकरायचं, आणि टेकू ‘बोलला’ की माणसं हातातलं टाकून मागे यायची. पुढे छतात भोक पाडून बसवायचे पोलादी रूफ बोल्ट आले. लाकडापेक्षा कितीतरी भक्कम, पण मुके. म्हणून छतातल्या भोकात टेल-टेल नावाचा दर्शक बसवतात. छत खाली सरकू लागलं की त्याचे रंगीत पट्टे एकेक करून भोकात झाकले जातात. हिरवा गेला, पिवळा गेला आणि नुसता लाल उरला, तर पळायचं. पण तो पट्टा बघायला कोणीतरी टोपीची बत्ती तिथे वळवावी लागते. हीच हालचाल मोजून तारेने वर कळवणारे सेन्सर आज मिळतात. कोळशातून सुटणाऱ्या मिथेन वायूचंही तेच. हवेत तो ५ ते १५ टक्के झाला की स्फोटक, म्हणून १.२५ टक्क्यालाच वीज तोडून माणसं बाहेर काढायचा नियम आहे. सरदार, म्हणजे खाणीतली सुरक्षा तपासणारा माणूस, पाळीत ठरावीक वेळा गॅस तपासतो. मधल्या तासांत हवेत काय चाललंय, हे कायम चालू असलेलं यंत्रच सांगू शकतं.

ओपनकास्टला मी गेलो तेव्हा डंपरांवर जीपीएस नुकतं आलं होतं. कोणता डंपर कुठे आहे, किती फेऱ्या झाल्या, शॉवेलपाशी (डंपर भरणाऱ्या यंत्रापाशी) किती वेळ ताटकळला, सगळं कंट्रोल रूमच्या पडद्यावर. फायदा झाला, नाकारत नाही. एका शॉवेलपुढे सहा डंपरांची रांग आणि दुसरा शॉवेल रिकामा, हा प्रकार बराच कमी झाला. (वाळू-मुरमाच्या गाड्यांनाही राज्य सरकारने जीपीएस सक्तीचं केलं, तेही रॉयल्टी बुडू नये म्हणून.)

एका पावसाळ्यात रात्रपाळीला आमच्या वरच्या बेंचच्या, म्हणजे खाणीतल्या पायरीच्या, कडेला भेग दिसली. पाळी सुरू होताना बोट जाईल एवढी, रात्री एकला मूठ जाईल एवढी. मी खालचा शॉवेल मागे घ्यायला लावला. पडद्यावर डंपर उभे दिसताच कंट्रोल रूममधून फोन सुरू झाले. पहाटे चारच्या सुमारास ती कड खाली आली, शॉवेल जिथे उभा होता तिथेच. कोणाला खरचटलंही नाही.

भेग बघायला तिथे माणूस होता, हा योगायोग. २९ डिसेंबर २०१६ रोजी झारखंडमधल्या राजमहल खाणीत ओव्हरबर्डनचा (कोळशावरच्या माती-दगडाचा) ढिगारा घसरून २३ जण गेले. स्लोप स्टॅबिलिटी रडार समोरची कड सतत तपासत राहतं, मिलिमीटरहून कमी सरकलेलंही पकडतं आणि सरकण्याचा वेग वाढला की इशारा देतं. महागडं आहे, मान्य. पण मोठा अपघात झाला की खाण सुरक्षा महासंचालनालय काम थांबवू शकतं. तेव्हा किती फेऱ्या बुडतात, तो हिशोब पडद्यावर दिसत नाही.

त्यासाठी सगळं नवं घ्यायलाही नको. डंपरमधल्या जीपीएसच्या त्याच डबीला वेग माहीत असतो आणि गाडी किती तास पळतेय हेही. ठेकेदाराचा चालक सलग किती तास स्टिअरिंगवर आहे, हे त्याच पडद्यावर दाखवा. रडारचा भोंगा कंट्रोल रूममध्ये नको, खाली फेसवर, जिथे खणणं चालू असतं तिथे, वाजू दे; मिथेन वाढला की वीज आपोआप तुटू दे, कोणाच्या परवानगीची वाट न बघता. आणि ज्याने काम थांबवलं त्याने ते का थांबवलं, याची नोंद त्याच यंत्रणेत फेऱ्यांच्या शेजारी राहू दे.

त्या पहाटेनंतर सकाळच्या मीटिंगला मला एकच प्रश्न विचारला गेला : रात्री ४० फेऱ्या कमी का?

— एक निवृत्त ओव्हरमन (खाणीतला पाळीचा पर्यवेक्षक), बल्लारपूर