ताई, चाकणचं काम मला दाखवता आलं ते तुझ्यामुळे

ताई, हे तुला व्हॉट्सॲपवर पाठवलं असतं तर तू हात जोडलेला इमोजी टाकून विषय संपवला असतास, म्हणून सगळ्यांसमोरच लिहितेय. नाव लिहीत नाही, तुला आवडणार नाही ते माहितीये.

हिंजवडीची डिझायनरची नोकरी सोडून फ्रीलान्सिंग करायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांनी पैशांचंच विचारलं, भाडं कसं भरणार, इन्शुरन्सचं काय, पीएफ काढणार का. पोर्टफोलिओत, म्हणजे केलेल्या कामाच्या नमुन्यांत, काय दाखवणार हे फक्त तू विचारलंस. आणि खरा प्रश्न तोच होता, कारण माझं सगळ्यात चांगलं काम म्हणजे चाकणच्या गोदामाचं ते ॲप, हातमोजे घालून माल उतरवून घेणाऱ्या माणसांसाठी केलेलं, मोठी बटणं, कमीत कमी टायपिंग, स्कॅन करा आणि पुढे जा. पण ते ना प्ले स्टोअरवर ना वेबसाइटवर, सगळं लॉगिनच्या आत. बाहेरच्या माणसासाठी ते काम झालंच नव्हतं.

लोक सरळ म्हणतात अगं टाक की बिहान्सवर (डिझायनर आपलं काम दाखवतात ती वेबसाइट), कोण बघतंय. तू तसं म्हणाली नाहीस. कँटीनमध्ये बसून तू मला समजावलंस की १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ प्रमाणे नोकरीत केलेल्या कामाची पहिली मालक कंपनी असते, वेगळा करार नसेल तर. आणि कलम ५७ मुळे हे मी केलंय असं सांगायचा हक्क करणाऱ्याकडे राहतो, पण सांगणं वेगळं आणि स्क्रीन उचलून लोकांना दाखवणं वेगळं, वर एनडीए, म्हणजे गुप्ततेचा करार, असतोच. मला तोवर हे कुणी इतकं नीट सांगितलंच नव्हतं, खूप बरं वाटलं ऐकून, कारण कुठे उभं राहायचं ते कळलं.

मग तू म्हणालीस नुसत्या आपल्या कंपनीच्या होकाराने भागणार नाही, ॲपचे हक्क करारात क्लायंटला दिलेत, त्यांचाही होकार हवा आणि तोही लेखी, आणि नोटीस पिरियड चालू आहे तोवरच मागायचा, कारण एकदा ऑफिसचा मेल बंद झाला की एचआर आणि लीगलच्या मागे बाहेरून लागणं अवघड. त्या मेलचा मसुदा तू माझ्या शेजारी बसून लिहून घेतलास. कुठल्या स्क्रीन दाखवणार, कुठे दाखवणार, क्लायंटचं नाव येणार की नुसतं ‘सुटे भाग बनवणारी कंपनी’ असं लिहिणार, काय काय झाकणार, आणि नको वाटलं तर कधीही काढून टाकीन, सगळं त्यात. लीगलवाल्यांना हो म्हणायला सोपं जावं असा मेल होता तो. क्लायंटकडे तर तू स्वतः फोन केलास, ते तुझं कामही नव्हतं गं.

होकार आल्यावरही तू स्क्रीनवर नुसतं ब्लर मारू दिलं नाहीस. सप्लायरची नावं, रेट, स्टोअरकीपरचे मोबाइल नंबर, सगळं काढून डमी डेटा भरून घेतलास, वर जेवढ्या स्क्रीनला होकार होता तेवढ्याच बाहेर काढल्या, बाकी डिझाइनची फिग्मा फाइल तिथेच. आणि केस स्टडीत, म्हणजे काम कसं केलं ते सांगणाऱ्या पोर्टफोलिओतल्या लेखात, प्रत्येक ठिकाणी कुणी काय केलं ते लिहायला लावलंस, रिसर्च आणि स्क्रीन माझ्या, रंग आणि आयकॉन टीममधल्या दुसऱ्या डिझायनरचे, कोड डेव्हलपर्सचा. मला वाटलं होतं अशाने माझं काम छोटं दिसेल. झालं उलटंच, बाणेरच्या एका क्लायंटने मीटिंगमध्ये तोच भाग वाचून विचारलं की गोदामात जाऊन तुम्ही नेमकं काय पाहिलंत, आणि मग मी हातमोज्यांचं, कमी उजेडाचं, शिफ्ट बदलताना होणाऱ्या गोंधळाचं सांगत बसले, अर्धी मीटिंग त्यातच गेली. काम मिळालं.

त्या कामाच्या करारातही मी तुझं ऐकून पहिल्यापासून एक ओळ घातली, की प्रॉडक्ट लाँच झाल्यावर ठरावीक स्क्रीन पोर्टफोलिओत दाखवीन. हक्क क्लायंटला द्यायचे तर लेखीच द्यायचे आणि मुदतही लिहायची, नाहीतर कलम १९ प्रमाणे ती ५ वर्षं धरली जाते, हेही तूच सांगितलेलं. क्लायंटने काहीही खळखळ न करता सही केली.

ताई, मनापासून थँक्यू. त्या दिवसांत तुझ्या स्वतःच्या प्रोजेक्टची डेडलाइन होती आणि तरी तू संध्याकाळी थांबायचीस, वाकडचं ट्रॅफिक अंगावर घेऊन उशिरा घरी जायचीस, ते मी पाहिलंय.

आणि एक विचारायचंय. नोटीस पिरियडमधली ओळखीची पोरंपोरी आता मला हेच विचारतात, त्यांना तुझ्या त्या मेलचा मसुदा पाठवू का, कंपनीचं, क्लायंटचं नाव काढून? तू हो म्हणालीस तरच पाठवेन.