बेचाळिसाव्या दिवसानंतर दारात कुणी येत नाही

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

स.न.वि.वि.

रात्री दूध पिऊन झोपलेले धडधाकट बाळ पहाटे हाताला गार लागते. शवविच्छेदन होऊनही कारण सापडत नाही. अशा अचानक बालमृत्यूचा धोका 2 ते 4 महिन्यांच्या वयात सर्वांत जास्त असतो. दवाखान्यात बाळंतपण झाले की आशाताईची घरभेट 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी ठरलेली. पुढची थेट बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर. धोका वाढायला लागतो नेमक्या त्याच सात आठवड्यांत घरात कुणी फिरकत नाही.

आठव्या आठवड्यात एक भेट वाढवा, आणि त्या भेटीत वजनकाटा काढण्याआधी बाळाची निजायची जागा बघायला सांगा.

सुरुवातीला टोपडे घाला, गुंडाळून ठेवा, असे आपणच सांगतो. कमी वजनाच्या नवजात बाळासाठी ते योग्यच आहे. पण तो सल्ला बदलायला पुढे कुणी येत नाही. मग अडीच महिन्यांचे बाळ भर एप्रिलमध्ये कुंची आणि दोन दुपट्यांत झोपते. त्याच्या अंगातली उष्णता मुख्यतः डोक्यावाटे बाहेर पडते, तीच वाट बंद होते. तळहात गार लागला म्हणून पांघरूण वाढवू नये. मानेमागे हात घालून बघावे, घाम लागला तर एक कपडा उतरवावा.

उताणे निजवले तर दूध घशात जाईल, ही भीती घरोघरी आहे. खरे तर उताण्या बाळाची श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेले दूध अन्ननलिकेतच परत उतरते. पालथे झोपवले की हे उलटे होते. कुशीवरचे बाळही झोपेत सहज पालथे पडते. ब्रिटनमध्ये 1991 पासून उताणे निजवण्याची मोहीम झाली आणि असे मृत्यू निम्म्याहून कितीतरी कमी झाले.

मोहरीची उशी काढून टाकावी, मान वळली की नाक तिच्यात रुतते. साडीच्या झोळीत पाठीची कमान होते, हनुवटी छातीला टेकते आणि मऊ श्वासमार्ग दाबला जातो. झोका द्यावा, पण झोप लागली की बाळ सपाट, घट्ट घातलेल्या गोधडीवर ठेवावे, पांघरूण बगलेच्या खालीच. बंद खोलीत कोळशाची शेगडी आणि धुरी नको. गरोदरपणापासून मिश्री आणि घरातली विडी-सिगारेट बंद. बाळ आईजवळ झोपते ते मोडू नका, अंगावरच्या दुधाला त्याची मदतच होते. मात्र दारू प्यालेल्या माणसाशेजारी किंवा सोफ्यावर बाळ कधीच नको.

एवढे करूनही काही बाळे दगावतील. मग पोलीस येतात, अकस्मात मृत्यूची नोंद होते, आणि पहिला प्रश्न आईला: झोपेत हात पडला का? त्यानंतर तिला कुणी काही सांगत नाही. शवविच्छेदनाचा निष्कर्ष डॉक्टरांनी आईवडिलांना समोर बसवून मराठीत सांगावा, असा लेखी आदेश काढा. लसी 6, 10 आणि 14 व्या आठवड्यात, म्हणजे नेमक्या याच वयात असतात. कारण समजावले नाही तर ठपका लसीवर येतो आणि पुढच्या लसीकरणाला गावातल्या आया येत नाहीत.

2011 साली घरभेटींची योजना आली तेव्हा आशाताईचा मोबदला 42 व्या दिवशी माय-लेकरू सुखरूप असण्याशी जोडला गेला. दगावलेल्या बाळाच्या आईकडे केलेल्या भेटीचेही पैसे तिला मिळायला हवेत. केंद्राने 2022 मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना बाळ जन्मतःच वा जन्मानंतर लगेच दगावल्यास 60 दिवसांची विशेष रजा दिली. वीटभट्टीवरच्या, उसाच्या फडातल्या बाईला ती लागू नाही. तिच्यासाठी तेवढ्या दिवसांची मजुरी राज्याने द्यावी.

बाळ गेले तरी दूध येतच राहते. छाती दगडासारखी होते. घट्ट बांधू नये, गार पट्ट्या ठेवाव्यात, ताण उतरेल एवढेच दूध पिळावे. ताप आला किंवा लाली दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर. हे तिला सांगायला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणीतरी दारात हवे.

आपले,
बालआरोग्यात काम करणाऱ्या परिचारिका आणि डॉक्टर