ठाणे स्लो लोकलमधल्या काकांना

काका,

तुम्ही रिटायर झालात आणि तुमचा नंबर घ्यायचा राहूनच गेला. म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय. आपल्या डब्यातलं कोणीतरी दाखवेलच तुम्हाला.

परवा दादरला बुद्धिबळाच्या रेटिंग स्पर्धेत एक डाव बरोबरीत सोडवला. माझं रेटिंग १५१२, समोरच्या नववीतल्या पोराचं १९३४. फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) हिशेबात चारशेच्या वरचा फरक चारशेच धरतात, आणि तेवढ्या फरकाला माझ्याकडून अपेक्षा असते डावामागे ०.०८ गुणाची. म्हणजे मी हरणार हे धरूनच चाललेलं! अर्धा गुण काढला, तर रेटिंगमध्ये ८.४ ची भर (जास्तीचे ०.४२ गुणिले माझा गुणक २०).

तिसाव्या चालीलाच मी एक प्यादं घालवून बसलो होतो. (मोबाइलवर पाठ केलेली ओपनिंग, म्हणजे सुरुवातीच्या ठरलेल्या चाली, नेहमीप्रमाणे बाराव्या चालीला संपली.) शेवटी उरलं काय, तर दोन राजे, दोन हत्ती आणि त्याचं एक प्यादं. पोरगा निवांत उठून बाजूचे पट बघत फिरायला लागला. मला मात्र तुमचा मॅग्नेटचा पट आठवला, हरवलेल्या हत्तीच्या जागी शर्टाचं बटण असलेला.

घाटकोपरची गर्दी आत घुसली तेव्हा तुम्ही तो छातीशी धरून म्हणाला होतात, "राजा प्याद्यासमोर, हत्ती सहाव्या रांगेत. प्यादं सहावीत आलं, की हत्ती थेट पहिलीत आणि मागून शह. त्याआधी नाही." फिलिडोरचा बचाव, म्हणजे एक प्यादं कमी असूनही बरोबरी राखायची पद्धत; रांगा मोजायच्या प्यादंवाल्याच्या बाजूने. त्यात काय एवढं, असं मला वाटलं. मग कुर्ल्यापासून मशीदपर्यंत तुम्ही चार वेळा ती स्थिती मांडलीत, चारही वेळा मी घाईने हत्ती पहिल्या रांगेत उतरवला आणि तुमचा राजा सहाव्या रांगेत घुसला.

परवा घड्याळात दोन मिनिटं उरली होती. हात शिवशिवत होता, तो मांडीखाली दाबून ठेवला. हत्ती सहाव्या रांगेतच: ए६, बी६, परत ए६, परत बी६. त्याने वैतागून प्यादं ई६ वर ढकललं. मी हत्ती थेट पहिल्या रांगेत, बी१ वर. मग शहावर शह. लपायच्या घरात त्याचं स्वतःचंच प्यादं उभं! पोराने हात पुढे केला तेव्हा माझा घामाने ओला होता.

थँक यू, काका. डावाच्या कागदाची झेरॉक्स बॅगेतच ठेवली आहे. मी अजून त्याच डब्यात असतो, सीएसएमटीकडून तिसऱ्या. कधी चक्कर झाली तर पट घेऊन या.

तुमचा,
समोरच्या सीटवरचा