डिस्ट्रिब्युटर बदलण्याआधी तपासा

संपादक महोदय,

पॉइंटवाली (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क असलेली) जुनी पेट्रोल गाडी मिसिंग करू लागली, म्हणजे मधेमधे ठिणगी चुकवू लागली, की पुष्कळदा लगेच अख्खा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगी पोचवणारा भाग, बदलायचा सल्ला मिळतो. हा सल्ला बहुतेक वेळा घाईचा असतो. दोष एखाद्या सुट्या भागात असतो आणि चांगला डिस्ट्रिब्युटर भंगारात जातो. जुन्या इंजिनांचे मूळ भाग आता सहज मिळत नाहीत, म्हणून हे नुकसान जास्त खटकते.

आधी डिस्ट्रिब्युटरची कॅप (वरचे झाकण) काढून उजेडात आतून पाहावी. दोन टोकांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ असेल, तर ठिणगी तिथूनच पळते. ती कॅप पुसून सुधारत नाही, बदलावीच लागते. कॅपच्या मधला कार्बनचा तुकडा स्प्रिंगवर मोकळा हलला पाहिजे. पॉइंट पूर्ण उघडे असताना फीलर गेजने फट मोजावी. चार सिलिंडरच्या बऱ्याच इंजिनांत ती ०.४ मिमीच्या आसपास असते, तरी गाडीच्या पुस्तिकेतला आकडाच प्रमाण मानावा. पॉइंट वारंवार जळत असतील तर कंडेन्सरवर (पॉइंटवरची ठिणगी रोखणारा भाग) संशय घ्यावा. डिस्ट्रिब्युटरला येणारी व्हॅक्यूमची नळी तोंडाने ओढून जिभेने बंद केली, की पॉइंटची प्लेट सरकून तिथेच थांबायला हवी. परत आली तर डायफ्रॅम (आतला पडदा) फाटला आहे. या प्लेटची अर्थिंगची बारीक वायर सतत हलून आवरणाच्या आत तुटते. बाहेरून ती धड दिसते, पण गाडी मधूनच बंद पडते. हा दोष सर्वांत जास्त निसटतो.

अख्खा डिस्ट्रिब्युटर काढण्याचे खरे कारण म्हणजे झिजलेले बुश (शाफ्टला आधार देणारी नळी). शाफ्ट आडवा हलवल्यावर खेळ जाणवत असेल, तर पॉइंटची फट दर सिलिंडरला वेगळी पडते आणि टायमिंग लाइटखाली (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) पुलीची खूण एका जागी ठरत नाही.

काढण्याआधी बॅटरीची वायर सोडावी आणि पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉप डेड सेंटरवर (पिस्टन सर्वांत वर असताना) आणावा. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत डिस्ट्रिब्युटरचा एकच फेरा होतो, म्हणून नुसती पुलीची खूण जुळून भागत नाही. रोटरही (कॅपखाली फिरून ठिणगी वाटणारा तुकडा) पहिल्या सिलिंडरच्या वायरकडेच हवा. रोटरची दिशा बॉडीवर आणि बॉडीची जागा ब्लॉकवर, अशा दोन्ही खुणा कराव्यात. गिअरचे दात तिरपे असतील तर उचलताना रोटर थोडा फिरतो. तो जिथे थांबेल तिथे तिसरी खूण करावी आणि बसवताना तिथूनच सुरुवात करावी. मधल्या काळात इंजिन अजिबात फिरवू नये. काही इंजिनांत ऑइल पंपही याच शाफ्टवर चालतो. त्याची खाच जुळली नाही तर बॉडी ब्लॉकवर टेकत नाही. अशा वेळी बोल्ट आवळून ती खाली ओढू नये.

बसवल्यावर आधी फट, मग टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ). हा क्रम उलटवला तर काम वाया जाते, कारण फट वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकते. इंजिन पुस्तिकेत दिलेल्या अंशावर आणून, कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) पॉइंटकडची बाजू आणि अर्थ यांच्यामध्ये १२ व्होल्टचा दिवा जोडावा. इग्निशन चालू करून बॉडी रोटरच्या दिशेविरुद्ध सावकाश फिरवावी. दिवा लागला त्या क्षणी ती आवळावी. नंतर टायमिंग लाइटने, व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद ठेवून, पुन्हा पाहावे. केवळ कानाने टायमिंग लावण्याची सवय सोडायला हवी.

दुसऱ्या इंजिनाचा डिस्ट्रिब्युटर नेमका बसला, तरी त्यातली, वेगानुसार टायमिंग पुढे नेणारी वजने आणि स्प्रिंग वेगळ्या असू शकतात. मग टायमिंग आयडलला बरोबर दिसते आणि चढावर नॉकिंग (इंजिनात ठोक्यांचा आवाज) सुरू होते. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक संच घालताना त्याला किती व्होल्टचा पुरवठा लागतो ते पाहावे. बहुतेकांना पूर्ण १२ व्होल्ट लागतात आणि कॉइलच्या रेझिस्टन्स (व्होल्टेज कमी करणाऱ्या) वायरवरून ते मिळत नाहीत. संचाच्या वायर उलट जोडल्या तर तो लगेच जळू शकतो.

आपला,
एक वाचक